उशाशी मोजा

आग आपोआप लागत नाही; ती कुणी लावली, हे शोधून काढण्याचा मला पगार मिळतो. विमा कंपनीसाठी मी जळालेली गोदामं तपासते. त्यामुळे आईच्या उशाशी मोजा दिसला, तेव्हा मी आधी माणूस शोधला.

सकाळी आईचा गुडघा बदलला होता. दुपारी तिला हॉस्पिटलच्या खोलीत आणलं. खोली गार होती, म्हणून मावशीने विणलेले जाड लोकरीचे मोजे मी तिच्या पायांत चढवले आणि चहा प्यायला गेले. परत आले तर ऑपरेशन झालेल्या पायातला मोजा निघालेला. चौकोनी घडी करून उशाशी ठेवलेला. आमच्या घरात मोज्यांची घडी कुणी घालत नाही, गोळा करून फेकतात.

"आई, मोजा कुणी काढला?"

"मला वाकता येतंय का? तूच असशील. डोळे मिटले होते माझे, पण पायाशी कुणी बसलं तशी गादी दबली."

नर्सने काढला नव्हता. सफाईच्या बाई तर अजून आल्याच नव्हत्या. मी मोजा पुन्हा चढवला.

"काही कळतच नाही गं. पाय नुसता बधीर," आई म्हणाली.

भूल हळूहळू उतरेल, असं आधीच सांगितलं होतं. मी मनावर घेतलं नाही. पाणी ओतायला वळले. मागे पलंग किंचित करकरला.

वळून पाहिलं. मोजा उशाशी होता. घडी तीच.

मग पहिल्यांदाच मी तो पाय नीट बघितला. मेणबत्तीसारखा पांढरा. हात लावला आणि लगेच बेल दाबली. पाय गारठलेला होता.

नर्स धावत आली. तिने पायाचा अंगठा दाबून सोडला.

"लगेच लाली परत यायला हवी," ती पुटपुटली.

आली नाही. पावलावर नाडीही लागेना. तिने डॉक्टरांना हाक मारली.

"पायाला रक्त नेणाऱ्या धमनीत गुठळी अडकली होती," संध्याकाळी डॉक्टर म्हणाले. "काढली. मोजा असता तर रंग दिसला नसता आणि पाय गमवावा लागला असता. वेळेवर काढलात."

मला रडू आवरत नव्हतं.

आता आई वॉकर घेऊन घरभर फिरते आणि मला कामाला जुंपते. रविवारी जेवून मी आडवी झाले होते. तिच्या हाकेने जाग आली.

"उठलीस का गं? चहा टाकलाय."

"आले."

कूस वळले. उशीशेजारी माझा एक मोजा होता. चौकोनी घडी करून ठेवलेला.

मी उठून बसले. उघड्या पायाचा अंगठा दाबला आणि सोडला.

पांढरा डाग उमटला. तो जाण्याची मी वाट बघत राहिले.

"अगं, चहा निवतोय," आई म्हणाली.