मधला पट्टा

बाहेरचा दिवा घालवा. नाही, तो नाही, जिन्यावरचा. हां. आता कुणाला पाणी प्यायचं असेल, कुठे जाऊन यायचं असेल तर आत्ताच उरका. मध्ये कुणी उठलं तर मी पुढचं सांगणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

ही गोष्ट माझ्या ओळखीच्या एका गाड्यांच्या मिस्त्रीची. सगळे त्याला ‘कान’ म्हणायचे. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तो चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. आत काय झिजलंय, काय सैल झालंय ते त्याला ऐकू यायचं. जुनी गाडी घ्यायची तर लोक आधी कानाला न्यायचे. तो ‘घ्या’ म्हणाला तर घ्यायची, नाक मुरडलं तर विषय संपला.

आणि गंमत बघा. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या पारखणाऱ्या या माणसाकडे स्वतःची गाडी नव्हती. एक स्कूटर होती, तीही लाथा खाल्ल्याशिवाय सुरू न होणारी. गॅरेजच्या माळ्यावर एकटाच राहायचा. पंधराव्या वर्षी वडिलांनी त्याच्या हातात पाना दिला होता आणि धाकट्या भावाच्या हातात पुस्तक. पुढे धाकट्याला नोकरी मिळाली, घर झालं, बायको आली, मुलगी झाली. भाऊ तसा गुणी हो, दादाशिवाय त्याचं पान हलायचं नाही. पण तेच कानाला जास्त खुपायचं. भाऊ वाईट असता तर मनसोक्त जळता तरी आलं असतं.

धाकट्याची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. पायांत जन्मापासून जोर कमी. दर आठवड्याला तिला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागायचं. दोनदा बस बदलायची, पोरीला कडेवर घेऊन. म्हणून भावाने एक जुनी गाडी बघितली. गावाबाहेर रेल्वेच्या फाटकापलीकडे एक म्हातारे गृहस्थ राहायचे, त्यांची. रविवारी सकाळी तो दादाला घेऊन गेला.

कानाने आधी बॉनेटवर पंजा ठेवला. थंडगार. म्हणजे आजार लपवायला कुणी इंजिन आधीच तापवून ठेवलं नव्हतं. ऑइलची काडी काढून तेल बोटांवर चोळलं. धूर बघितला. पेडलच्या रबराची झीज आणि मीटरवरचा आकडा जुळतात का ते बघितलं. मग मागचे तिन्ही सीटबेल्ट पार शेवटापर्यंत ओढले. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी कितीही धुवा, पट्ट्याच्या टोकाला चिखलाची रेघ राहतेच. रेघ नव्हती. कडेचे दोन पट्टे सोडल्यावर आपोआप आत गेले. मधला जुन्या पद्धतीचा, कमरेवरून घ्यायचा, हाताने सैल-घट्ट करायचा. तो त्याने सैल केला तसाच राहिला. हे लक्षात ठेवा.

शेवटी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला.

गाडी नव्हे, सोनं होतं! तीस वर्षांत असं इंजिन त्याने ऐकलं नव्हतं. त्याने डोळे उघडले तर समोर भाऊ, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा उभा. आणि कानाच्या पोटात काहीतरी पेटलं. हेही यालाच? घरही याला, माणसंही याला, आणि आता हीसुद्धा?

‘‘नको घेऊस,’’ तो म्हणाला.

‘‘का रे दादा?’’

काहीतरी सांगायला हवं होतं. तोंडात आलं ते त्याने सांगितलं. ‘‘मागून आवाज येतोय. मधूनच. टक् असा. महागात पडेल.’’

म्हातारबुवा पाण्याचे पेले घेऊन दारात आले होते. पेले त्यांनी तिथेच पायरीवर ठेवले.

‘‘तुम्हालाही ऐकू आला?’’ त्यांनी विचारलं.

कान फडक्याला हात पुसत राहिला. भावाने मात्र एकही प्रश्न विचारला नाही. ‘‘दादा नको म्हणाला म्हणजे नको,’’ म्हणाला, आणि सोमवारी पोरीला उचलून पुन्हा बसने दवाखान्यात गेला. कानाने ते गॅरेजमधून बघितलं. वाईट वाटलं का? वाटलं. पण गाडी डोळ्यांसमोरून जाईना.

मंगळवारी, बारा फेब्रुवारीला, रात्री साडेनऊ वाजता तो शेवटची बस धरून एकटाच म्हाताऱ्यांच्या दारात उभा राहिला. गाडी मीच घेतो म्हणाला.

‘‘आवाज येतो म्हणाला होतात ना?’’

‘‘मी मिस्त्री आहे. बघीन मी.’’

म्हातारबुवांनी खुंटीवरची किल्ली काढली, पण मुठीतच ठेवली. मग म्हणाले, ‘‘गाडी माझ्या मुलाची. दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेला. सून नातवंडांना घेऊन माहेरी राहते. त्याचा एक नेम होता. मागे जितकी पोरं, तितके पट्ट्यांचे टक् ऐकायचा. त्याशिवाय गिअर टाकायचा नाही. म्हणून मी ही लेकुरवाळ्या घरातच देणार. तुमच्याकडे आहे कुणी लहान?’’

‘‘आहे की,’’ कान म्हणाला. जीभ जराही अडखळली नाही. ‘‘मुलगी आहे. सहा वर्षांची.’’

‘‘मागे मध्ये बसेल ना? मधली जागा सगळ्यांत सुरक्षित असते.’’

‘‘मध्येच बसेल.’’

‘‘शब्द द्या.’’

‘‘दिला.’’

साठवलेले पैसे मोजून, किल्ली घेऊन तो निघाला तेव्हा पावणेअकरा झाले होते. गाडी लोण्यासारखी चालत होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कान गालातल्या गालात हसत होता. उद्या भावाच्या दारावरूनच न्यायची, एकदा हॉर्न वाजवायचा, असंही त्याच्या मनात आलं. बघू दे त्यालाही, जळणं म्हणजे काय असतं ते.

रेल्वेचं फाटक बंद होतं. त्याने गाडी थांबवली. मालगाडी होती. डबे जाता जाईनात. अखेर लाल दिवा लांब गेला, फाटक उघडलं. कानाने क्लच दाबला, गिअर टाकला.

पडेना.

पुन्हा टाकला. नाही. इंजिन अगदी गोड चालू होतं. त्याने ते बंद केलं, पुन्हा सुरू केलं. गिअरचा दांडा जागचा हलेना. खाली उतरला. बॉनेट उघडलं. सवयीने स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

इंजिन ऐकू आलं. आणि त्याच्या मागे… दुसरं काहीतरी. कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं. वाट बघत.

त्याने स्क्रू ड्रायव्हर काढला. बॉनेट लावलं. आत येऊन बसला. दार ओढलं. गिअर… नाही. गाडीत मिट्ट काळोख. त्याला आरशात बघायचं नव्हतं. त्याने बघितलं नाही.

मिनिट गेलं.

दुसरं गेलं.

आणि मागून…

टक्.

एकच. मागच्या सीटवरून. बरोबर मधून.

गिअर पडला. अलगद.

तो कसा निघाला, त्याचं त्याला ठाऊक नाही. मान ताठ. नजर समोर. मागे काही हललं नाही. कुणी बोललं नाही. चौकात गॅरेजसाठी डावीकडे वळायचं असतं. गाडी उजवीकडे वळली. आपण वळवली की ती वळली, हे तो अजून कुणाला सांगत नाही. उजवीकडे भावाचं घर.

दारात पोहोचला तेव्हा अकरा पस्तीस. हॉर्न वाजला.

भाऊ बनियनवर बाहेर आला. मागोमाग त्याची बायको, डोळे चोळत. भावाने गाडी बघितली. दादाकडे बघितलं. पुन्हा गाडी बघितली.

‘‘दादा… ही तीच ना?’’

कानाने इंजिन बंद केलं.

‘‘आवाज येतो म्हणालास ना? मग…’’

कान किल्ली काढून खाली उतरला. आता सगळं उघडं पडणार होतं. तेवढ्यात भावाचा चेहरा उजळला.

‘‘आमच्यासाठी घेतलीस? आधी स्वतः दुरुस्त करून द्यायची म्हणून? अगं, बघ गं, दादाने काय केलंय!’’

पोरांनो, एवढा विश्वास कुणी टाकला ना, की तो मुस्काटात बसतो. कानाच्या बसला. भावाची बायको मात्र गाडीकडे बघतच नव्हती. ती दादाच्या तोंडाकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं.

‘‘हो,’’ कान म्हणाला. ‘‘तुमच्यासाठीच.’’

‘‘आणि तो आवाज?’’

‘‘आता… येणार नाही.’’

त्याने किल्ली भावाच्या हातात दिली. रात्री तिथेच, ओसरीवर पडून राहिला. झोप कुठली? पोटातली आग विझली असं मी सांगणार नाही. तसली आग एका रात्रीत विझत नसते. पण भावाचा तो उजळलेला चेहरा डोळ्यांसमोरून जाईना.

सकाळी भावाने पोरीला उचलून मागच्या सीटवर ठेवलं.

‘‘पट्टा सैल असेल,’’ कान लांबूनच म्हणाला. ‘‘मी रविवारी पार शेवटापर्यंत ओढलाय. आवळून घे.’’

‘‘नाही काका,’’ पोरगी आतून म्हणाली. ‘‘हा लावलेलाच होता. काढला आणि परत लावला. बघा ना, माझ्याच मापाचा आहे.’’

त्याने वाकून बघितलं. पट्टा तिच्या कमरेवर बेताचा बसला होता. दोन बोटं जातील एवढीच जागा. मिस्त्री लोक ठेवायला सांगतात, तेवढीच.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. गाडीने एकदाही रस्त्यात दगा दिला नाही. पोरगी आधी कुबडीवर, मग कुबडीशिवाय चालायला लागली, मोठी झाली, कानाच्या खांद्याला लागते. गाडीचं सगळं काम अजून तोच करतो. फक्त मधल्या पट्ट्याला हात लावत नाही. भावाला, भावाच्या बायकोला, सगळ्यांना त्याने एकेकदा गाठून विचारलंय. तो पट्टा आजवर कुणीही सैल केलेला नाही.

आणि तिला तो अजून मापात बसतो.