टोपी टांगलेली होती!

धडाम! कारखान्यातल्या यंत्राच्या लोखंडी हातानं सरबताच्या बाटल्यांचं आणखी एक खोकं भिंतीवर आपटलं. काचांचा नुसता सडा पडला!

"आज पुन्हा पिसाळलाय!" चिमटी कुजबुजली.

सुट्टी लागल्यापासून चिमटी, भोपळ्या आणि चष्मिश कारखान्यातच पडीक असत. पण काल याच हातानं चिमटीच्या बाबांचं मनगट मोडलं होतं! वर मालकीणबाईंनी सुनावलं होतं, "खटका न ओढताच आत गेलात! आता कामावर येऊ नका."

खरं तर कारखान्याची रीतच होती. हाताभोवतीच्या जाळीच्या आत जायचं तर आधी लाल खटका खाली ओढायचा, हात थांबला की खटक्यावर आपली टोपी टांगायची. टोपी असेपर्यंत कुणी खटक्याला शिवायचं नाही. बाबांची टोपी काल खटक्यावर जागच्या जागी होती!

"बाबा खोटं बोलत नाहीत!" चिमटीचे डोळे भरून आले. "मी हे शोधून काढणारच!"

तिघं खोक्यांमागे दबा धरून बसली. मालकीणबाईंच्या भाच्यानं, म्हणजे दादानं, हाताचं नवं सॉफ्टवेअर परवाच घातलं होतं. तो फोनवरून हात चालवत होता.

"अरे!" चष्मिश एकदम ताठ झाला. "दादाच्या फोनचा पडदा विझला की हात उसळतोय!"

मग काय! बाबांच्या जुन्या कपड्यांत चिंध्या कोंबल्या, वर डोकं म्हणून भोपळा बसवला.

"हा माझा अपमान आहे!" भोपळ्या फुरंगटला.

बुजगावणं बांबूनं दारातून जाळीच्या आत कडेला सरकवून त्यांनी, "खटका ओढला तरी हात उसळतो, बघाच!" म्हणत मालकीणबाईंना आणि दादाला बोलावून आणलं. दादानं हसत खटका ओढला. हात थांबला. खटक्यावर त्यानं आपली टोपी टांगली.

"थांबला ना? मग उगाच कशाला डोकं खाता?" फोन खिशात टाकून तो बुजगावणं काढायला आत शिरला.

"दादा, नको! पडदा विझेल!"

खर्रर्र! हात उसळला. भोपळ्यानं आत उडी मारून दादाला कॉलर धरून ओढलं. फाड्! बुजगावण्याचं डोकं फुटून बिया सगळ्यांच्या तोंडावर उडाल्या. हातानं धड फरफटत नेऊन चिंध्या केल्या, मग जाळीचं दार आत चेपलं. दोघं अडकले! दादाच्या कपाळातून रक्त आलं. हात पुन्हा वर गेला.

चिमटी भिंतीकडे धावली आणि विजेच्या मुख्य खटक्याच्या दांड्याला चक्क लोंबकळली. खट्! दिवे गेले. हात भोपळ्याच्या नाकासमोर थांबला.

"मेलो का रे मी?" भोपळ्यानं विचारलं.

"एवढा बोलतोयस, म्हणजे नाही!" चष्मिश रडता रडता हसला.

दादा कपाळावरचं रक्त पुसत म्हणाला, "कंपनीनं बजावलं होतं, हे सॉफ्टवेअर अर्धवट आहे, कामाच्या यंत्रावर घालू नका. मी तिकडे लक्ष न देताच 'मान्य' दाबलं. सगळ्यांच्या आधी वापरायची हौस!"

"हौस? माणूस गेला असता!" मालकीणबाई कडाडल्या. "आजच्या आज जुनं सॉफ्टवेअर घाल!" मग त्या तडक चिमटीच्या घरी गेल्या आणि बाबांसमोर हात जोडले. "मी चुकले. मनगट बरं झालं की या. अशा पोरी नशिबानं मिळतात हो!"

बाबांनी धडधाकट हातानं आपली टोपी काढली आणि चिमटीच्या डोक्यावर ठेवली. ती तिच्या नाकापर्यंत आली.

"शाब्बास! पण पुन्हा त्या जाळीजवळ दिसलीस, तर तंगडंच मोडीन!" असं म्हणत त्यांनी तिला घट्ट जवळ ओढलं.