चार बोटं कमी

तसं काम साधंच होतं हो. काँ शहराच्या मठात राजाला पुरायचं होतं, आणि थोरोल्ड पाथरवटाने त्याच्यासाठी दगडी पेटी कोरून खड्ड्यात बसवली होती. सकाळी शेवटचं माप घेतलं की सुटला!

राजाच्या मुडद्यावरून घेतलेली मापाची दोरी त्याने पेटीत ताणली. पेटी चार बोटं कमी!

"अरे, काल तर बरोबर होती..."

"काल सायडर जास्त झाली वाटतं, महाराज!" वरून ब्रदर जर्वेझ खिदळला. थोरोल्डची उंची अगदी राजाएवढी, म्हणून सगळे त्याला महाराज म्हणायचे. "दुपारच्या आत नीट कर बाबा. बिशपांसमोर राजा अडकला, तर तुझा उजवा हात तोडणार आहेत." आणि तो मिरवणुकीला सामोरा गेला.

थोरोल्डने पायाकडचा दगड तासला. माप घेतलं. बरोबर! छिन्नी पुसून पुन्हा घेतलं, तर परत चार बोटं कमी. दगडाचा चुरा मात्र ढीगभर पडलेला.

तेवढ्यात वास आला... गरम पावाचा, आणि त्यामागून जळक्या लाकडाचा. खड्ड्याच्या काठावर एक म्हातारी पाय सोडून बसली होती. हात पिठाने माखलेले.

"आजी, उठा. राजाची जागा आहे ही."

"माझ्या चुलीची आहे," ती हळूच म्हणाली. "मठाच्या देवळासाठी त्याने न विचारता घेतली. आपल्यात 'हारो' म्हणून तीनदा हाक मारली, की राजानेही थांबायचं असतं ना रे? मी मारली. तीनदा. घरातूनच... तरी भिंत आली अंगावर."

ती भिंत थोरोल्डनेच पाडली होती, वीस-बावीस वर्षांपूर्वी. हाका ऐकल्या होत्या. मुकादम म्हणाला 'पाड', याने पाडली.

"आजी... मी हुकमाचा ताबेदार..."

"त्याला मी इथे मावू देणार नाही. आणि तुला..."

बाहेर घंटा वाजल्या. मिरवणूक दारात! काठावर कुणी नव्हतं. थोरोल्डला आता फक्त आपला तुटलेला हात दिसत होता. दोरीच खोटी असेल! तो सरळ पेटीत आडवा झाला. डोकं टेकवलं, पाय ताणले. वर पायाशी बोटभर जागाही उरली!

"बसतोय की!" तो हसलाच.

मग पायांच्या तळव्यांना गार दगड लागला.

त्याने पाय हलवले नव्हते. उठायला गेला, तर खांदे दोन्हीकडून घट्ट... आणि हळूहळू, त्याने काहीच न करता, त्याचे गुडघे वाकायला लागले.