चासी, ठीक

ओगुशीच्या किनाऱ्यावर गाड्यांना एकच आजार होतो, गंजाचा. हिवाळाभर समुद्रावरून खारा वारा येतो, वर घाटात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि दोघं मिळून लोखंडाला वाळवीसारखं पोखरतात. म्हणून वर्षाची तपासणी जवळ आली की मोरिवाकीपुढे माणसं जरा जास्तच वाकतात.

मोरिवाकी कावाता गॅरेजमध्ये तपासनीस होता. गाडी दुरुस्त करणारे वेगळे, ती रस्त्यावर जायच्या लायकीची आहे असं म्हणणारा वेगळा. ते म्हणणं हेच त्याचं काम. पद्धत जुनी होती: हातोडीनं ठोकायचं, बोट रोखायचं आणि मोठ्यानं सांगायचं. बोट आणि तोंड दोन्ही कामाला लागली की डोळा चुकत नाही, असं त्याला शिकवलं होतं. पूर्वी गाडीच्या पलीकडे उभा राहून जोडीदार तेच शब्द पुन्हा म्हणायचा. जोडीदार निवृत्त झाल्यापासून मोरिवाकी पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच बोटं दाखवत ओरडायचा, आणि नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, माणूस चांगला आहे पण स्क्रू ढिला दिसतोय.

मार्चमधल्या त्या सकाळी फुमिएसानचा मासळीचा ट्रक आला. नवरा गेल्यापासून ती एकटीच तो चालवत होती. मासळी, तोफू, भाजी घेऊन रोज घाटावरच्या वस्त्यांना जायची. वर आता म्हातारी माणसंच राहिली आहेत, दुकान एकही नाही. ट्रकवरचं गाणं ऐकू आलं की ती काठ्या टेकत रस्त्यावर येतात. गॅरेजच्या मालकाची आईही त्यांच्यातलीच.

मालक तरुण होता, बापामागे गॅरेज चालवणारा. त्यानं आदल्या संध्याकाळीच ट्रक बोलावून त्याच्या खालच्या अंगाला काळा रंग फासून दिला होता. गंज धरू नये म्हणून सगळेच रंग मारतात. पण गंज धरल्यावर मारलेला रंग म्हणजे मेलेल्याला पावडर लावण्यातला प्रकार.

"यंदा जाऊ द्या, मोरिवाकीसान," तो हळूच म्हणाला. "नवा ट्रक काही ती घेऊ शकत नाही."

"तपासतो आधी."

"तपासा की, नाही कोण म्हणतंय? पण वर आमची आई आहे. तिला मासळी काय तुम्ही पाठीवरून नेऊन देणार?"

मोरिवाकी हसला, आणि हसल्याची त्याला लगेच लाज वाटली, कारण त्या हसण्यात निम्मा होकार होता. त्यात फुमिएसाननं दरवर्षीसारखी सुकवलेल्या माकुळ मासळीची पुडी आणली होती. दरवर्षी तो ती सहज घ्यायचा. आज घेताना त्यानं मान वर केली नाही. ती चहाचा पेला घेऊन शेडच्या दाराबाहेर बाकावर बसली, आणि त्यानं हातोडी उचलली.

चाकाच्या नटांवर टणटण आवाज आला. त्यानं बोट रोखलं.

"पुढचं डावं चाक, ठीक."

"ठीक," पलीकडून आवाज आला.

पत्र्याचा प्रतिध्वनी असेल, असं त्याला वाटलं. पण इतकी वर्षं या शेडमध्ये कधी प्रतिध्वनी आला नव्हता. मालक टिंगल करतोय की काय म्हणून त्यानं पाहिलं, तर मालक काचेमागे ऑफिसात फोनवर बोलत होता. मोरिवाकी ट्रकला वळसा घालून पलीकडे गेला. तिथं हवेची नळी लोंबत होती आणि ओल्या रंगाचा वास येत होता, बाकी काही नव्हतं.

तो मागच्या चाकाशी आला. ठोकून पाहिलं, बोट उचललं, आणि तोंड उघडण्याआधीच पलीकडून ऐकू आलं, "मागचं डावं चाक, ठीक."

चाक खरंच ठीक होतं. आवाज ओळखीचा होता, पण कुणाचा ते ध्यानात येईना. जरासा नाकातला, दमलेला. मोरिवाकीनं पुन्हा पलीकडे पाहिलं, कुणी नव्हतं. काम अर्धवट टाकून बाहेर यावं, तर फुमिएसानला काय सांगायचं? तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला.

चासीवर, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, तो ठोकत ठोकत मागे सरकला. लोखंड खणखणीत बोलत होतं. मागच्या स्प्रिंगच्या जोडापाशी मात्र हातोडी भद्द वाजली, ओल्या लाकडावर मारावी तशी. त्यानं अंगठा दाबला. काळ्या रंगाचा पापुद्रा फुटला आणि त्यामागून लोखंडाचा भुगा त्याच्या बाहीवर पडला. भरल्या ट्रकचा सगळा भार इथेच येणार होता. घाट उतरताना एका वळणावर हे तुटलं की संपलं.

काय म्हणायचं ते त्याला ठाऊक होतं. त्यानं तोंड उघडलं. डोळ्यांपुढे काठ्या टेकत आलेली म्हातारी माणसं आली, माकुळाची पुडी आली. त्यानं तोंड मिटलं. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या माणूस, आणि 'नाही' एवढा एक शब्द जिभेवरून उतरेना.

"चासी, ठीक!"

आवाज अगदी डोक्यावरून आला, मोठा आणि स्पष्ट. आता त्यानं तो ओळखला.

तो त्याचाच होता.

तो धडपडत वर आला. शेडमध्ये कुणी नव्हतं. दारात फुमिएसान उभी होती, डोळे पुसत.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता हो. तुम्ही ठीक म्हणालात, आता मला कसली भीती नाही."

ती कमरेत वाकली. ते मी म्हणालो नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण खोटं बोलून झालं होतं आणि ते बोलायला त्याला तोंड उघडावं लागलं नव्हतं, आणि त्याला चक्क हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची जितकी लाज वाटली, तितकी जन्मात कधी वाटली नव्हती. तरी तोही वाकला. तोवर मालकानं येऊन तपासणीची चिठ्ठी ट्रकच्या पुढच्या काचेवर चिकटवलीसुद्धा.

ट्रक गाणं वाजवत फाटकाबाहेर पडला. तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. तो धावला.

समोरून येणाऱ्या बसला वाट द्यायला ट्रक रस्त्याच्या कडेला थांबला होता. हाक सहज पोचली असती. त्यानं छातीत हवा भरली आणि जीव खाऊन ओरडला, थांबा.

आवाज फुटला नाही.

त्यानं पुन्हा ओरडून पाहिलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठ हलले, पण साधी खरखरसुद्धा आली नाही. त्यानं हात उचलला. बोट ट्रकवर रोखलं गेलं.

फुमिएसाननं ते आरशात पाहिलं. ते बोट सगळं गाव ओळखत होतं. तिनं समाधानानं मान हलवली आणि ट्रक घाटाच्या दिशेनं वळवला.

मागे रिकाम्या शेडमधून त्याचा आवाज आला, रोजच्यासारखा शांत.

"ठीक."