बूट पायात, बॅगेत नव्हे!

"थर्मल, दोन जोड!"

"आहेत!"

"लोकरीचे मोजे, तीन जोड!"

"आहेत! पण एका मोज्याला भोक आहे."

"गणराज, तिथूनच पाय आत घालतात!"

मोनिकाने कपाळावर हात मारला आणि यादीवर पुढची खूण केली. निगडीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगावर पिसांचं जाड जॅकेट, खुर्चीवर स्लीपिंग बॅग, आणि जमिनीवर नऊ वर्षांचा गणराज, मे महिन्याच्या उकाड्यात लोकरीची टोपी घालून. तिसऱ्या मजल्यावरचा सार्थक ताणकाट्याला बॅग टांगून वजन बघत होता. तो मोनिकाच्याच वर्गात, आठवीत होता.

"अकरा किलो! काकू, अजून एका किलोचे लाडू बसतील!"

"लाडू नकोत रे बाबा," आई हसली. "तिथे मलाच मला उचलायचंय."

उद्या पहाटे आई नेपाळला निघणार होती. बारा दिवस चालत, एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत. संध्याकाळी मावशी मुलांजवळ राहायला येणार होती.

कपाटाच्या दाराला चिकटवलेली यादी बाबांच्या अक्षरात होती. ती त्यांनी लिहिली तेव्हा दोघांनी जायचं ठरलं होतं. दोघांचे बूटही एकाच दिवशी आणले होते. मग बाबा गेले. यादी दारावर तशीच राहिली. यंदा जानेवारीत एका सकाळी आईने आपले बूट चढवले आणि ती एकटीच दुर्गा टेकडी चढून आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानंतर एकही सकाळ चुकली नाही. बाबांचे बूट अजून खोक्यातच होते.

यादीतली पहिली ओळ दोनदा अधोरेखित होती : 'बूट पायात, बॅगेत नव्हे!' बॅग विमानतळावर हरवली तर बाकी सगळं काठमांडूत विकत मिळतं, पण पायाला सरावलेले बूट कुठे मिळत नाहीत, असं बाबा सांगायचे.

"गणराज, गच्चीवरून माझे बूट आण बरं," आई म्हणाली. "काल पुसून उन्हात ठेवलेत."

गणराज धावत गेला आणि धावतच आला. आईने बूट हातात घेतले आणि तिचा चेहरा उतरला.

"हे माझे नाहीत."

"एवढेच होते वर!"

तिघं मुलं पुन्हा गच्चीवर गेली. पाण्याच्या टाकीमागे, कुंड्यांच्या आड, जिन्याखाली, सगळीकडे शोधलं. बूट नव्हते! परत आली तेव्हा आई पलंगाच्या कडेवर बसली होती. तिने जॅकेटची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.

"आई, नवे घेऊ या ना! आत्ता जाऊ पिंपरीला!"

"नव्या बुटांनी दुसऱ्याच दिवशी पायाला फोड येतात. आम्हाला डोंगरावर नेणारे यशवंतराव संध्याकाळी सहाला प्रत्येकाचं सामान तपासायला येणारेत. नवे बूट दिसले तर नेणार नाहीत. बरोबरच आहे त्यांचं."

"मग बाबांचे?"

"दोन नंबर मोठे आहेत, मोना." ती उठली. "पिंपळे गुरवला जाऊन त्यांना सांगून येते. असं फोनवर सांगणं बरं दिसत नाही."

"काय सांगणार?"

"की मी येत नाही."

ती गेली. मोबाईल चार्जिंगलाच राहिला. गणराजने डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच बॅगेत ठेवली.

"चोराला पकडून आपटला पाहिजे!" सार्थक दात खात म्हणाला. "स्वतःचे जुने टाकले आणि आपले नेले!"

मोनिकाने तो परका बूट उचलला. नाकाजवळ नेला. "सार्थक, ह्याला साबणाचा वास येतोय. चोर कधी बूट धुऊन ठेवून जातो का?"

"नाही बुवा!"

"आणि गच्चीची किल्ली फक्त आपल्या बिल्डिंगमधल्यांकडे असते."

गणराज तेवढ्यात फ्रिजवरचं केळ्याच्या आकाराचं चुंबक घेऊन आला. बुटाच्या टोकाला लावताच ते टपकन चिकटलं!

"लोखंड! ह्याच्या नाकात लोखंड आहे!"

"सेफ्टी शूज!" सार्थक ओरडला. "कंपनीतले! पायावर काही पडलं तर बोटं वाचावीत म्हणून. पण आपल्याकडे तिघं जण कंपनीत जातात. एक पेंट शॉपला, एक पॅकिंगला आणि पहिल्या मजल्यावरचे धनेशकाका लेथवर, लोखंड कातायला."

मोनिका तळव्याच्या खाचा नखाने कोरत होती. एका खाचेतून चमचमणारी, पेन्सिलीच्या सालीसारखी वळलेली लोखंडाची चकली निघाली.

"लेथ!" दोघं एकदमच म्हणाली.

धनेशकाकांच्या दाराला कुलूप होतं. ते पहाटेच पहिल्या शिफ्टला गेले होते. कंपनीत मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळे त्यांचा फोन बंद. इंदुकाकू कालच्या गाडीने लातूरला गेलेल्या. मोनिकाने त्यांना फोन लावला.

"अगं माय! गच्चीवर तुमचेबी होते का गं?" इंदुकाकू पलीकडून जवळजवळ किंचाळल्या. "ह्यांचे जुने मीच धुऊन वाळू घातले की! कंपनीला परत द्यायचे म्हणून काय झालं, घाण कसे द्यायचे? लोक काय म्हणतील! पहाटे उठून घेऊन जा म्हटलं होतं. अंधारात तुमचेच पिशवीत घातले असतील त्यांनी!"

"परत कशाला द्यायचे, काकू?"

"जुने जमा केल्याबिगर नवे देत नाहीत ना. मग दुपारी दोननंतर ते जुने सगळे चाकूनं चिरून टाकतात म्हणे, कुणी बाहेर विकू नयेत म्हणून. मोना? अगं, ऐकायलीस का?"

मोनिकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून पाच मिनिटं.

चाकणला कंपनीच्या गेटवर फोन केला तर एक आवाज म्हणाला, "बूट? बघतो, सांगतो," आणि फोन ठेवून दिला. पुन्हा केला तर कुणी उचललाच नाही.

"उद्या आणायचे का?" गणराजने विचारलं.

"उद्या गुरुवार. इथल्या कंपन्यांची आठवड्याची सुट्टी. आणि उद्या पहाटे आई निघणार!"

मोनिकाने यशवंतरावांना फोन केला. "काका, आई तुमच्याकडे येतेय. ती येत नाही म्हणेल. तुम्ही सहापर्यंत हो म्हणू नका! प्लीज!" ते काही विचारायच्या आत तिने फोन ठेवला, यादीखाली 'चाकणला गेलोय, बूट आणतो' अशी चिठ्ठी लावली आणि धनेशकाकांचे बूट पिशवीत कोंबले.

धनेशकाकांच्या कंपनीची दुसऱ्या शिफ्टची बस सव्वाला चौकात यायची. मुलं धापा टाकत पोचली तेव्हा शेवटचा कामगार चढत होता. दारात ड्रायव्हर सोनबाने हात आडवा धरला.

"आरं, कुठं निघालात? कंपनीची बस हाय ही. बाहेरच्या मान्सांना घ्यायचं न्हाई!"

"सोनबाकाका, माणसांना नका घेऊ," सार्थकने पिशवी उघडून दाखवली. "बूट कंपनीचेच आहेत. त्यांना तर घ्याल? आम्ही त्यांना सोडायला आलोय."

मागून कुणीतरी खो खो हसलं. मोनिका मात्र हसली नाही. तिने सगळं सांगितलं, भराभर, आईचं आणि बाबांच्या यादीचंही.

सोनबाने आडवा हात खाली घेतला. "म्होरं बसा," तो म्हणाला. "आन कुणी इचारलं तर माझी भाचरं हायसा."

पण तळवड्याच्या चौकात बस थांबली ती थांबलीच! पुढे गाड्या वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर वळणावर अडकला होता, त्याच्यामागे कांद्याचे ट्रक, टेम्पो आणि डझनभर कंपन्यांच्या बसेस. दोन वाजले. दोन वाजून दहा मिनिटं झाली. मोनिकाला डोळ्यांसमोर फक्त चाकूचं पातं दिसत होतं. गणराजने तिचा हात घट्ट धरला होता. हात घामाने ओला झाला होता, पण दोघांनीही सोडला नाही.

"काका, हॉर्न वाजवा ना!"

"वाजवून काय व्हतंय, पोरी? समदेच वाजवत्यात."

बस गेटला लागली तेव्हा दोन पंचवीस झाले होते. सिक्युरिटीवाल्याने पाटीकडे बोट दाखवलं. "अठरा वर्षांखालच्यांना आत प्रवेश नाही. साहेब जेवायला गेलेत. थांबा तिकडे."

"पण तोपर्यंत चिरतील!"

"मग मी काय करू?"

मोनिका कुंपणाच्या कडेने पळत सुटली, मागोमाग दोघं. कोपऱ्यावर तारेच्या जाळीतून भंगाराचं आवार दिसलं. पत्र्याच्या शेडखाली बुटांचा ढीग होता. स्टुलावर बसलेला एक माणूस एकेक बूट उचलायचा, पात्याने चर्रकन चिरायचा आणि मागे फेकायचा. बुटाकडे तो बघतही नव्हता.

"काका! ओ काका! थांबा!"

आत कॉम्प्रेसर धडधडत होता. काही ऐकू गेलं नाही. त्याने पुढचा बूट उचलला. तपकिरी, लाल नाड्यांचा!

"आईचा बूट!" मोनिका जाळी हलवत ओरडली. पातं नाड्यांवर टेकलं.

गणराजने पिशवीतून धनेशकाकांचा बूट काढला, नाडीला धरून गरगर फिरवला आणि जाळीवरून भिरकावला. शेडच्या पत्र्यावर लोखंडी टोक आदळलं.

धडाम!

स्टुलावरचा माणूस दचकून उभा राहिला. मागून सिक्युरिटीवाला "ए, कोण आहे रे!" करत धावत आला. त्या माणसाच्या एका हातात पातं होतं, दुसऱ्या हातात आईचा बूट.

"तो कंपनीचा नाही!" तिघं एका सुरात ओरडली. "त्याचं टोक दाबून बघा! लोखंड नाही त्यात!"

त्याने टोक दाबलं. मग बूट उलटा केला आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. खिशातला चष्मा काढून पुन्हा पाहिलं. ढिगातून त्याचा जोडीदार शोधून तो जाळीजवळ आला. त्याच्या खिशावर 'बबनराव, स्टोअर' असं लिहिलं होतं.

"वीस वर्षं बूट चिरतोय," तो ओशाळून म्हणाला. "जोड मोजतो, बूट बघत नाही. थोडक्यात वाचले, पोरी. नुसत्या नाड्याच तुटल्यात. पण जमा झालेला जोड असा परत देता येत नाही. हिशोबाला त्याच्या बदली एक जोड लागणार."

"एक तर तुमच्या पत्र्यावर आलाच आहे!" सार्थक म्हणाला. "हा घ्या दुसरा!"

सिक्युरिटीवाल्यालाही हसू आवरलं नाही.

पहिली शिफ्ट सुटली. नवे कोरे बूट मिरवत धनेशकाका बाहेर आले आणि मुलांना बघून जागीच थबकले. सगळं ऐकल्यावर त्यांना कुठे बघावं कळेना.

"वहिनींना काय तोंड दाखवू मी? पिशवीत एकदा बघायला काय झालं होतं मला!"

परतीच्या बसमध्ये त्यांनी आईचे बूट निगडीपर्यंत मांडीवरून खाली ठेवले नाहीत.

दार उघडंच होतं. आई चिठ्ठी हातात घेऊन उभी होती, शेजारी यशवंतराव. साठीचा हा काटक माणूस आईबरोबर स्वतःच आला होता. आईने आधी गणराजला जवळ घेतलं, मग मोनिकाला, मग ओढून सार्थकलाही. बूट तिने सगळ्यात शेवटी पाहिले.

"सांगितल्याशिवाय पुन्हा कुठे जायचं नाही," ती म्हणाली. "कळलं?"

यशवंतरावांनी बूट खिडकीपाशी नेले. तळवे वाकवून पाहिले, शिवण तपासली, आत हात घातला. सगळे श्वास रोखून उभे होते.

"बूट ठणठणीत. पण नाड्या?"

आईने कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातलं खोकं बाहेर काढलं. दीड वर्षात ते कुणी उघडलं नव्हतं. तिने बाबांच्या बुटांच्या निळ्या नाड्या सावकाश ओढून काढल्या आणि आपल्या बुटात एकेका भोकातून ओवल्या. त्या लांब आल्या. तिने घोट्याभोवती एकेक वेढा घेतला आणि गाठ मारली.

"हां," यशवंतराव म्हणाले. "आता घट्ट बसले." मग ते मुलांकडे वळले. "तीस वर्षं लोकांना डोंगरावर नेतोय मी. भल्याभल्यांची डोकी अडचणीत बंद पडताना पाहिलीत. तुमची चालली! मोठे व्हा, तुम्हाला मी स्वतः नेणार."

"मला टोपी आहे!" गणराज लगेच म्हणाला.

मोनिकाने यादीकडे जाऊन पेन्सिल उचलली. आईने तिचा हात धरला.

"थांब. काय लिहिलंय बाबांनी? पायात. उद्या मी दाराबाहेर पाऊल टाकलं की मग कर."

पहाटे जिन्यात निळ्या नाड्यांचे बूट खाली उतरत गेले. पहिल्या मजल्यावर धनेशकाका टॉर्च धरून उभे होते. बुटांचा आवाज रस्त्यावर विरेपर्यंत मोनिका दारात थांबली. मग आत आली आणि पहिल्या ओळीपुढे तिने खूण केली.