ना एक कमी, ना एक जास्त

प्रोसेसरच्या बाबतीत गाभाताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाजारात यायला वर्षभर अवकाश असलेल्या चिपमध्ये किती कोअर असतील, ती किती तापेल, जुन्या बोर्डावर बसेल की नाही, हे ती इंटरनेटवरच्या आपल्या पानावर लिहायची आणि नेमकं तसंच व्हायचं. कोअर म्हणजे चिपच्या पोटातला राबणारा गडी. गडी जितके जास्त, तितकी कामं एकदम. पोटापाण्यासाठी ती एका छापखान्याचे सर्व्हर सांभाळायची, पण जीव सगळा या पानात. बारा वर्षं झाली होती. खरं नाव वाचकांना ठाऊक नव्हतं. कोअर म्हणजे गाभा, म्हणून गाभाताई.

येऊ घातलेल्या सर्व्हर चिपबद्दल तिने आठ महिन्यांपूर्वी लिहिलं होतं, "शहाण्णव कोअर. ना एक कमी, ना एक जास्त. चुकलं तर हे पान बंद." लिहिताना हात जरा सैलच सुटला होता. तेव्हापासून शंकासुर या नावाने लिहिणारा एक खवचट वाचक रोज विचारायचा, "ताई, कुलूप आणलंत का?"

आणि आज ती चिप तिच्या टेबलावर होती. सर्व्हर विकणाऱ्या कंपनीतल्या मैत्रिणीने चाचणीसाठी आलेला नमुना एका दिवसापुरता दिला होता. पाच वाजता ती तो परत न्यायला येणार होती. गाभाताईने सकाळीच पानावर जाहीर करून टाकलं, "आज पाचच्या आत फोटो. कोअर एकेक करून मोजून घ्या."

रस्त्याकडच्या खोलीत दोन टेबलं होती. खिडकीजवळचं दादाचं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून बसला की दुपारचं जेवणही विसरायचा. भिंतीलगतचं टेबल तिचं. चिप बसवून तिने मशीन चालू केलं आणि कोणता कोअर किती राबतोय ते दाखवणारी खिडकी पडद्यावर उघडली. दर कोअरचा एक चौकोन, त्यात हलणारी रेघ. एका ओळीत बारा. आठ ओळी गच्च भरल्या, आणि तिने आनंदाने टेबलावर थाप मारली.

मग तिला नववी ओळ दिसली. तिच्यात डावीकडे एकटाच एक चौकोन होता.

"किती?" दादाने मान न वळवता विचारलं.

"सत्त्याण्णव."

दादा उठून आला. "शेवटच्यावर तर शहाण्णव लिहिलंय की."

"अरे, यांची मोजणी शून्यापासून असते. शून्य ते पंच्याण्णव म्हणजे शहाण्णव झाले. हा शहाण्णव नंबरचा जास्तीचा आहे."

"मग टाक ना फोटो. आकडा तर तोच दिसतोय. कोण एवढं मोजत बसतंय!"

"शंकासुर मोजतो. त्याला दुसरं काम काय!"

ती हसली, पण हात कामाला लागले होते. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. दुसऱ्या प्रोग्रॅमने मोजलं. मेमरीच्या पट्ट्या बदलल्या. तीन वाजले तरी सत्त्याण्णव ते सत्त्याण्णवच.

तिने सगळ्या कोअरना एकदम जड काम दिलं. शहाण्णव रेघा झटक्यात वर जाऊन चिकटल्या. शेवटची मात्र खालीच वळवळत राहिली. काम थांबवलं, तर शहाण्णव आडव्या झाल्या आणि ती एकटी हलत राहिली.

"काही खाल्लंस का सकाळपासून?" दादाने विचारलं.

नाही, तिला आठवलं. रेघ उसळली.

तिने माऊसची वायर उपटली. कीबोर्डची उपटली. इंटरनेटची उपटली. आता मशीनला वीज आणि पडदा सोडून काहीच जोडलेलं नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, "दादा, मला एक अवघड गुणाकार घाल."

"चारशे सदतीस गुणिले सहा."

सहा सत्ते बेचाळीस, हातचे चार... रेघ चढत गेली. दोन हजार सहाशे बावीस. उत्तर आलं तशी रेघ खाली बसली.

"आता तू कर. मनातल्या मनात, आठशे त्रेसष्ट गुणिले सात."

दादाने डोळे मिटले, ओठ हलवले. रेघ जागची हलली नाही.

"मला ओळख देत नाही वाटतं," दादा हसला. मग तिचा चेहरा बघून त्याने हसणं आवरलं.

गाभाताईला भीती वाटली. तिने श्वास रोखून काहीच विचार न करण्याचा प्रयत्न केला, तर रेघ हळूहळू सपाट होत गेली. ते बघून ती इतकी दचकली की रेघ पार वरच्या कडेला जाऊन आदळली.

"काढ ती चिप," दादा म्हणाला. "मरू दे ते पान. दुसरं काढशील."

"बारा वर्षं, दादा. आणि त्या टवाळापुढे मान खाली घालू?"

सव्वाचार झाले होते. मार्ग तिला माहीत होता. कोअर बंद करता येतो. प्रत्येक नंबरासमोर बरोबरची खूण असते, ती काढली की झालं. कारखान्यातसुद्धा नासका कोअर बंद करूनच चिप विकतात. यात खोटं काय आहे? तिने सगळ्या वायरी पुन्हा जोडल्या आणि यादी उघडली.

"नको गं," दादा म्हणाला.

"काही होत नाही रे."

तिने शहाण्णव नंबरापुढची खूण काढली.

नववी ओळ गेली.

काही झालं नाही. खोली तीच, खिडकीबाहेरचा रस्ता तोच. "बघ, उगाच घाबरत होतास," ती म्हणाली.

दादा तिच्या तोंडाकडे बघत होता, ती काही बोलेल म्हणून वाट बघत असल्यासारखा.

"दादा?"

तिचा हात माऊसवर सरकला. तिने सरकवला नव्हता.

हाताने फोटो काढला. पान उघडलं. बोटं भराभरा चालू लागली. "शहाण्णव. मोजा, शंकासुर. कुलूप तुमच्या तोंडाला लावा." अगदी तिच्याच ठसक्यात.

थांब, ती म्हणाली. थांब.

हात थांबला नाही.

"झालं रे दादा," तिचा आवाज म्हणाला. "जिंकलो आपण."

दादाने सुस्कारा सोडला. "आणि तो जास्तीचा?"

"होता एक. बंद केला."

"सुटलो बाई! केवढी घाबरली होतीस मघाशी."

"कोण, मी?" गाभाताईचं तोंड हसलं.

दादा, ती ओरडली. दादा, इकडे बघ. पण तो आपल्या टेबलाकडे वळला होता.

दारावरची बेल वाजली. मैत्रीण आली होती, वेळेच्या थोडी आधीच. दादा दार उघडायला गेला.

चिप काढायची तर आधी वीज बंद करावी लागते. गाभाताईला ते माहीत होतं. हातालाही माहीत होतं.