वेंडेलला श्रद्धांजली

जबल अलीच्या गोदामात अमेरिकेतले जुने कपडे गठ्ठ्यांनी येत. धड असतील ते दुबईतल्या दुकानांत जात, उरलेले आफ्रिकेत. कपड्यावर मालकाचं नाव असेल तर ते उसवूनच पुढे पाठवायचं, हा तिथला मॅनेजर संग्राम याचाच नियम. तो त्यानेच मोडला. निळं, जाड कॉर्डरॉयचं एक जॅकेट नावासकट घरी आणलं. पाठीवर अमेरिकेतल्या शाळकरी पोरांच्या शेतकी क्लबाचं चिन्ह, छातीवर सोनेरी धाग्यात वेंडेल असं नाव.

दुबईतल्याच इंटरनॅशनल सिटी वस्तीत मराठी मंडळाची बैठक होती. एसी बोचरा, म्हणून त्याने ते घातलं.

“कुणाचं हो हे?” अध्यक्ष सूर्यकांतकाकांनी विचारलं.

“मित्राचं. त्याच्या शेतावर वर्षभर होतो मी. आयोवाला.”

संग्रामचा शेतीशी संबंध कृषी पदवीपुरता, तीही हॉस्टेलात लोळून मिळवलेली. पण त्या संध्याकाळी त्याला पहिल्यांदाच पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. बायको, साधना, खाली मान घालून चहा ढवळत राहिली.

मग दर बैठकीला वेंडेल वाढत गेला. तो डावखुरा झाला. घरी येऊन पाहिलं तर जॅकेटची डावी बाहीच तेवढी झिजलेली. त्याने लाल गाय पाळली, तर दुसऱ्या दिवशी कॉलरला राठ, लाल केस.

“गोदामात गाई पण येतात का?” साधना केस झटकत म्हणाली. संग्राम हसला. त्याला जरा बरंच वाटलं होतं.

आणि एका शुक्रवारी त्याची मुलगी आभा सगळ्यांसमोर म्हणाली, “बाबा, लेट्स व्हिडिओ कॉल हिम!”

“यल्ला, लावा!” काकांनी टीव्हीसुद्धा जोडला.

“तो गेला,” संग्राम म्हणाला. “मक्याच्या कोठारात उतरला होता. पायाखालचे दाणे सरकले, आत ओढला गेला.”

मंडळ हळहळलं. फोटो नव्हता, म्हणून काकांनी जॅकेटच खुर्चीवर मांडून त्याला हार घातला. दोन मिनिटं शांतता झाली. हार घातलेल्या जॅकेटचा फोटो मंडळाच्या फेसबुक पेजवर गेला, संग्रामच्या नावासकट.

घरी आणताना जॅकेट जड लागलं. खिशात मूठभर मका होता.

दोन दिवसांनी अमेरिकेतून मेसेज आला. ‘हे माझं शाळेतलं जॅकेट! चर्चला दिलं होतं. मी जिवंत आहे, मित्रा. फुलं कसली? तुम्ही कोण?’

संग्रामने लिहिलं, ‘कोठारात उतरू नका.’ मग त्याला काकांचा चेहरा आठवला. मेसेज न पाठवताच पुसला. माणसाला ब्लॉक केलं.

रोज सकाळी बाह्यांतून मका निघे. तो पिशवीत भरून चोरासारखा कचऱ्यात टाकी. पिशव्या मोठ्या होत गेल्या.

अखेर त्याने साधनाला सांगितलं.

“अहो, तिकडे माणूस जाईल आणि तुम्हाला मंडळाची पडलीय? आधी लिहा!”

त्याने ब्लॉक काढून लिहिलं. खोटं बोललो, हेही लिहिलं.

उत्तर लगेच आलं. ‘मी त्याची बायको. फोन माझ्याकडे देऊन तो आत्ताच कोठारात उतरला. वर आला की वाचायला देते.’

संग्राम ‘पळा’ असं टाइप करू लागला.

“अहो,” साधना अगदी हळू म्हणाली.

कपाट उघडं होतं. हँगरवरच्या जॅकेटच्या दोन्ही बाह्या सरळ वर गेल्या होत्या.

डावी थोडी जास्त.